सडका चारा आणि न गोठणारे रक्त

१/
फेब्रुवारी १९३३, शनिवारची दुपार. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात हिमवादळ घोंघावत होते. अशा हवेत एड कार्लसन नावाचा शेतकरी डीअर पार्कजवळच्या आपल्या शेतावरून मॅडिसन शहरी येऊन पोहोचला. अंतर सुमारे १९० मैल, म्हणजे ३०० किलोमीटर. त्याच्या गाडीत एक मेलेली कालवड होती, सुमारे १०० पौंड सडका चारा होता आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले रक्त होते. ते रक्त गोठलेले नव्हते.

२/
रक्त शरीरात वाहते राहते आणि जखमेशी मात्र काही मिनिटांत घट्ट होते. ही रोजच्या अनुभवातील गोष्ट नेमकी कशी घडते, हे समजण्यास मानवाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाच्या इतिहासात कार्लसनच्या कॅनला महत्त्वाचे स्थान आहे. निरोगी रक्ताने जे गुपित राखले होते, ते आजारी जनावरांच्या रक्ताने उघड केले. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

३/
प्राचीनांचे या घटनेकडे लक्ष नव्हते असे नाही. ॲरिस्टॉटलने रक्तातील तंतूंची नोंद केली होती. हे तंतू काढून टाकल्यास रक्त गोठत नाही, असे त्याचे निरीक्षण होते. सुश्रुतसंहितेत रक्तस्राव थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. रक्त गोठण्यासाठी आजही वापरला जाणारा ‘स्कंदन’ हा शब्द इतका जुना आहे. मात्र रक्त का गोठते, याचे कारण दीर्घकाळ हवेत, थंडीत किंवा रक्ताचा प्रवाह थांबण्यात शोधले जात होते.

४/
या समजुतींची प्रयोगाने परीक्षा घेणाऱ्यांत लंडनचा शल्यविशारद विल्यम ह्यूसन अग्रणी होता. १७७०च्या दशकात त्याने दाखवून दिले की गोठण्याचा गुण तांबड्या कणांचा नसून रक्तातील द्रवाचा आहे. थंडीने रक्त गोठते, ही समजूतही त्याने खोडून काढली; गारव्यात ही क्रिया उलट मंदावते. शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून संसर्ग होऊन १७७४ साली ह्यूसनचा मृत्यू झाला. तेव्हा तो चाळिशीतही पोहोचला नव्हता.

५/
एकोणिसाव्या शतकात चित्र हळूहळू स्पष्ट झाले. १८८२ साली इटलीच्या ज्युलिओ बिझ्झोझेरो याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की रक्तवाहिनीला इजा होताच रक्तातील अतिसूक्ष्म बिंबिका तेथे चिकटून गोळा होतात. आज त्यांना आपण प्लेटलेट म्हणतो. डोर्पाट येथील अलेक्झांडर श्मिट याने द्रवातील विरघळलेल्या प्रथिनाचे तंतूंत रूपांतर करणारा घटक ओळखून त्याला ‘थ्रॉम्बिन’ हे नाव दिले. तंतूंना नाव होते फायब्रिन. ज्या प्रथिनापासून ते बनतात, ते फायब्रिनोजेन.

६/
१९०५ साली जर्मन वैद्य पाउल मोराविट्झ याने या साऱ्याची एक सुटसुटीत मांडणी केली. रक्तात थ्रॉम्बिन तयार स्थितीत नसते. असते ते त्याचे निष्क्रिय रूप, प्रोथ्रॉम्बिन. जखमी ऊतींतून बाहेर पडणारा पदार्थ कॅल्शियमच्या साहाय्याने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो. मग थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे फायब्रिन करते, आणि त्या तंतूंच्या जाळ्यात रक्तकण अडकून गुठळी बनते. चार घटक आणि दोन पायऱ्या. पुढील तीस-चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत हेच शिकवले जात होते.

७/
यातील कॅल्शियमचे महत्त्व पहिल्या महायुद्धाच्या काळात व्यवहारात सिद्ध झाले. सोडियम सायट्रेट रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियम मोकळे नसेल तर रक्त गोठत नाही. १९१४-१५ मध्ये ब्रुसेल्सचा उस्टँ, ब्युनॉस आयर्सचा आगोते आणि न्यूयॉर्कचा लेविसोन यांनी सायट्रेट मिसळलेले रक्त रुग्णांना दिले. त्याआधी दात्याची रक्तवाहिनी थेट रुग्णाशी जोडावी लागे किंवा कमालीची घाई करावी लागे. आता रक्त बाटलीत साठवणे शक्य झाले. कॅल्शियम गोठण्याच्या क्रियेत नेमके काय करते, हे मात्र आणखी साठ वर्षे कळायचे होते.

८/
येथून कथा प्रयोगशाळेतून बाहेर पडते आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शेतकऱ्यांनी ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचे चाऱ्याचे पीक मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. ही वनस्पती आपल्या मेथीच्या नात्यातली. निकस जमिनीत येते, कोरड्या हवेत तग धरते, जमिनीचा कस वाढवते. कापल्यावर तिला गोड सुगंध येतो. तो सुगंध ‘कुमारिन’ या रसायनाचा. चवीला मात्र हे रसायन कडवट असते.

९/
१९२०च्या दशकाच्या आरंभी कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यात गुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे काढली किंवा गोऱ्हा खच्ची केला की जखमेचे रक्त थांबेना. कातडीखाली रक्ताच्या गाठी येत. काही जनावरे तर बाहेरून कोणतीही जखम न दिसता आतल्या रक्तस्रावाने दगावत. प्रथम घटसर्पाचा किंवा फऱ्या रोगाचा संशय घेतला गेला. पण जंतू सापडेना आणि एका गोठ्यातील रोग शेजारच्या गोठ्यात पसरेना.

१०/
ओंटारियो पशुवैद्यक महाविद्यालयातील फ्रँक स्कोफिल्ड या विकृतिशास्त्रज्ञाने कारण हुडकले. दोष संसर्गाचा नसून चाऱ्याचा होता. ओलसर हवेत स्वीट क्लोव्हरच्या गंजीला बुरशी लागे आणि तोच चारा गुरांना घातला जाई. स्कोफिल्डने एकाच गंजीतील चांगले आणि बुरसलेले देठ वेगळे केले आणि ते सशांच्या दोन गटांना खाऊ घातले. चांगले देठ खाणारे ससे धडधाकट राहिले. बुरसलेले खाणाऱ्यांना रक्तस्राव झाला. १९२२ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

११/
या स्कोफिल्डचे नाव कोरियाच्या इतिहासातही आदराने घेतले जाते. १९१६ ते १९२० या काळात तो सोलमधील वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होता. १९१९ साली जपानी सत्तेविरुद्ध १ मार्चचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा त्याची छायाचित्रे त्याने टिपली. जेआम-री गावातील हत्याकांडानंतर तेथे जाऊन त्याने अत्याचारांची नोंद केली. आज त्याची समाधी सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे. पुरावा डोळ्यांनी पाहून नोंदवण्याची त्याची ही सवय कोरियातून कॅनडाच्या गोठ्यापर्यंत कायम राहिली.

१२/
स्कोफिल्डने कारण दाखवले, तर उत्तर डाकोटातील ली रॉडरिक याने बिघाडाची जागा दाखवली. १९३०च्या आसपास त्याने सिद्ध केले की आजारी गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिनची कमतरता असते. मोराविट्झच्या मांडणीतील नेमका एक दुवा तुटलेला होता. निरोगी जनावराचे रक्त दिले तर आजारी जनावर वाचे. म्हणून उपाय दोनच होते: सडका चारा बंद करणे आणि रक्त देणे. चाऱ्यातील विष कोणते, हे मात्र कोणालाही ठाऊक नव्हते.

१३/
आता पुन्हा १९३३. महामंदीचे ते सर्वांत कठीण वर्ष होते. शेतमालाचे भाव कोसळले होते आणि बँका बुडत होत्या. ‘सडका चारा फेकून द्या’ हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या अचूक होता. पण ज्याच्याकडे तोच एक चारा शिल्लक आहे, त्याने भर हिवाळ्यात गुरांना काय घालावे? कार्लसनची जनावरे डिसेंबरपासून एकामागून एक दगावत होती, आणि आता बैलाच्या नाकातूनही रक्त झिरपू लागले होते.

१४/
मॅडिसनमध्ये कार्लसनला राज्याच्या पशुवैद्य अधिकाऱ्यांना भेटायचे होते. ते कार्यालय बंद होते. दार उघडे सापडले ते विद्यापीठाच्या जीवरसायन विभागाचे. तेथे कार्ल पॉल लिंक आणि त्यांचा विद्यार्थी ऑयगेन शोफेल काम करीत होते. लिंक यांच्याकडेही देण्याजोगे नवे काही नव्हते. चारा बदला, जमल्यास रक्त द्या, एवढेच ते सांगू शकले. कार्लसन तसाच परत फिरला. रक्ताचे कॅन आणि चारा मागे राहिला, आणि त्याच दुपारी त्या दोघांनी त्या रक्तावर काम सुरू केले.

१५/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबायला हवे. या भेटीचे आज सर्वत्र सांगितले जाणारे नाट्यमय वर्णन मुख्यतः लिंक यांच्याच १९५९ सालच्या लेखावर आधारलेले आहे, म्हणजे घटनेनंतर सव्वीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणीवर. शिवाय त्याच विद्यापीठातील ब्रिंक आणि स्मिथ हे अनुवंशशास्त्रज्ञ कमी कुमारिन असलेले स्वीट क्लोव्हर तयार करण्याच्या खटपटीत होते आणि लिंक यांना त्या कामाची माहिती होती. म्हणून हा शोध केवळ एका उघड्या दारातून लागला, असे म्हणता येत नाही. प्रश्न प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आधीच येऊन ठेपला होता. कार्लसनने त्याची निकड समोर आणून ठेवली.

१६/
विष शोधणे सोपे नव्हते. संशयित अर्क परीक्षानळीतल्या रक्तात मिसळून पाहावा, तर काहीच घडत नसे. परिणाम दिसे तो जिवंत प्राण्याला अर्क खाऊ घातल्यावर, आणि तोही तत्काळ नव्हे. त्यामुळे प्रत्येक चाचणीसाठी ससे लागत आणि वाट पाहावी लागे. या कामी आणखी एका विस्कॉन्सिनवासीयाची मदत झाली. मिलवॉकीच्या आर्मंड क्विक यांनी १९३५ साली प्रोथ्रॉम्बिन मोजण्याची साधी पद्धत काढली. रक्तातील द्रव वेगळा करायचा, त्यात ऊतींचा अर्क व कॅल्शियम घालायचे आणि गुठळी होईपर्यंतचे सेकंद मोजायचे.

१७/
जून १९३९ मध्ये, सहा वर्षांच्या खटपटीनंतर, लिंक यांचे सहकारी हॅरॉल्ड कॅम्पबेल यांना सूक्ष्मदर्शकाखाली त्या पदार्थाचे शुद्ध स्फटिक दिसले. पुढच्याच वर्षी त्याची रचना उलगडली आणि तो प्रयोगशाळेत बनवताही आला. त्याला डायकुमारॉल हे नाव मिळाले. चाऱ्याला सुगंध देणारे निरुपद्रवी कुमारिन बुरशीच्या क्रियेने बदलते, आणि त्या बदललेल्या रूपाचे दोन रेणू एकत्र जोडले जाऊन हे विष तयार होते. ताजा चारा का बाधत नाही आणि सडका का मारतो, याचा उलगडा त्यातून झाला.

१८/
याच काळात युरोपात दुसरा धागा विणला जात होता. १९२९ साली कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम हा शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांना चरबीविरहित खाद्य देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होता. पिल्लांना अनपेक्षित रक्तस्राव होऊ लागला. खाद्यात हिरवा पाला किंवा यकृत आले की तो थांबे. १९३५ मध्ये डामने या अज्ञात पोषकद्रव्याला ‘के’ जीवनसत्त्व असे नाव दिले. ‘के’ हे ‘कोआग्युलेशन’ या शब्दाच्या डॅनिश-जर्मन रूपातील आद्याक्षर. या जीवनसत्त्वाची रचना उलगडणारे सेंट लुइसचे एडवर्ड डॉयझी आणि डाम यांना १९४३चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जर्मनीने डेन्मार्क व्यापले तेव्हा डाम अमेरिकेत होता आणि युद्ध संपेपर्यंत तो तेथेच राहिला.

१९/
दोन्ही धागे आता जुळले. ‘के’ जीवनसत्त्वाअभावी पिल्लांचे प्रोथ्रॉम्बिन घटे. डायकुमारॉलने गुरांचे घटे. लिंक यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की डायकुमारॉलचा परिणाम ‘के’ जीवनसत्त्व देऊन उलटवता येतो. विष आणि उतारा दोन्ही हाती आल्यावर डॉक्टरांना धीर आला. हृदयात, फुप्फुसात किंवा पायांच्या शिरांत नको तेथे गुठळी होणाऱ्या रुग्णांना हेच ‘विष’ मोजून देता येईल, असा विचार पुढे आला. १९४१ पासून मेयो क्लिनिकसारख्या रुग्णालयांत त्याच्या चाचण्या सुरू झाल्या.

२०/
१९४५ साली लिंक आजारी पडून आरोग्यधामात दाखल झाले. तेथे पडल्या पडल्या त्यांनी उंदीर-निर्मूलनाचा इतिहास वाचून काढला. डायकुमारॉलसारखी अनेक संयुगे त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. त्यांतील ४२व्या क्रमांकाचे संयुग उंदरांसाठी त्यांनी निवडले. १९४८ पासून ते बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या ‘विस्कॉन्सिन ॲल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेची आद्याक्षरे आणि कुमारिनचे शेपूट जोडून त्याचे नाव ठेवले गेले: वॉर्फरिन.

२१/
उंदराचे औषध माणसाला देण्याची कल्पना कोणाच्या पचनी पडेना. १९५१ साली अमेरिकी सैन्यातील एका नव्या जवानाने ते जीव देण्याच्या हेतूने घेतले. तो वाचला, ‘के’ जीवनसत्त्व आणि रक्त देऊन डॉक्टरांनी त्याला पूर्ण बरे केले. उतारा खात्रीचा आहे, हे यातून दिसले. १९५४ मध्ये वॉर्फरिन मानवी औषध म्हणून मान्य झाले. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिले गेले.

२२/
स्टालिनचा मार्च १९५३ मधील मृत्यू वॉर्फरिन देऊन घडवला गेला, असा तर्क काही अभ्यासकांनी २००३ साली मांडला. समाजमाध्यमांवर तो बऱ्याचदा वस्तुस्थिती म्हणून फिरतो. तसे सिद्ध झालेले नाही. मेंदूतील रक्तस्रावाला दीर्घकाळचा उच्च रक्तदाब हे कारण पुरेसे असते.

२३/
इकडे मोराविट्झच्या चार घटकांची यादी लांबत चालली होती. युद्धकाळात नॉर्वेच्या पाउल ओव्रेनला पाचवा घटक सापडला. १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये हिमोफिलियाचा एक निराळा प्रकार ओळखला गेला, ज्यात आठवा नव्हे तर नववा घटक कमी असतो. रशियाचा शेवटचा युवराज ॲलेक्सेइ याला हाच प्रकार होता, हे २००९ साली त्याच्या अस्थींतील डीएनएवरून कळले. घटकांना रोमन अंक देण्यात आले. १९६४ साली इंग्लंडमध्ये मॅक्फार्लेन आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे सुचवले की हे घटक धबधब्याच्या पायऱ्यांप्रमाणे काम करतात. एक जागा होतो, तो दुसऱ्याला जागवतो, आणि प्रत्येक पायरीवर परिणाम अनेक पटींनी वाढतो.

२४/
शेवटचे कोडे १९७४ साली सुटले, आणि तेही गुरांच्याच रक्ताने. स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी गुरांचे प्रोथ्रॉम्बिन आणि डायकुमारॉल दिलेल्या गुरांचे प्रोथ्रॉम्बिन यांची तुलना केली. म्हणजे प्रोथ्रॉम्बिन पूर्णपणे नाहीसे झालेले नव्हते. ते सदोष तयार होत होते. निरोगी रेणूच्या एका टोकाला असलेल्या ग्लुटामिक आम्लांवर एक जादा रासायनिक गट बसवलेला असतो. तो गट बसवण्यासाठी यकृताला ‘के’ जीवनसत्त्व लागते. त्या गटांत कॅल्शियम पकडले जाते आणि कॅल्शियमच्या आधाराने प्रोथ्रॉम्बिन जखमेवरील प्लेटलेटच्या पृष्ठभागाला चिकटते. १९१४च्या सायट्रेटचे रहस्य ६० वर्षांनी असे उलगडले.

२५/
आता सारी क्रिया एका दृष्टिक्षेपात पाहता येते. वाहिनी फाटली की ती आकसते. प्लेटलेट उघड्या पडलेल्या भागाला चिकटून तात्पुरता बांध घालतात. जखमी ऊतींतील घटक सातव्या घटकाशी जोडला जातो. मग नववा, दहावा आणि शेवटी प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे दुसरा, जागा होतो. थ्रॉम्बिन फायब्रिनचे तंतू विणते आणि तेरावा घटक ते तंतू घट्ट शिवतो. २, ७, ९ आणि १० या चारही घटकांना ‘के’ जीवनसत्त्व आवश्यक असते. त्याच वेळी अँटिथ्रॉम्बिनसारखी प्रथिने ही क्रिया जखमेपुरती मर्यादित ठेवतात, आणि काम झाल्यावर प्लाझ्मिन ती गुठळी विरघळवते.

२६/
वॉर्फरिन वापरलेल्या ‘के’ जीवनसत्त्वाचे पुनरुज्जीवन अडवते, त्यामुळे नवे घटक सदोष बनतात. आधीचे चांगले घटक संपेपर्यंत मात्र परिणाम दिसत नाही. परीक्षानळीत काही घडत नसे आणि सशांसाठी थांबावे लागे, ते याचमुळे. हृदयात धातूची झडप बसवलेले हजारो रुग्ण आजही मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘आयएनआर’ तपासणीसाठी नियमित रक्त देतात. ती तपासणी म्हणजे क्विक यांच्या सेकंदांचेच सुधारलेले रूप. पालक-मेथी एके दिवशी भरपूर आणि एरवी मुळीच नाही, असे करू नका, असे डॉक्टर बजावतात. डामच्या पिल्लांना ज्या पाल्याने वाचवले, त्यातील तेच जीवनसत्त्व येथे औषधाचा परिणाम बदलू शकते.

२७/
आता या क्षेत्रात नवी औषधे आली आहेत. ती दहाव्या घटकाला किंवा थ्रॉम्बिनला थेट अडवतात. पण धातूच्या झडपांसाठी वॉर्फरिन आणि त्याच्या कुळातील औषधेच आजही वापरावी लागतात.

विज्ञानाच्या इतिहासात ह्यूसन, मोराविट्झ, डाम, लिंक यांची नावे राहिली, आणि ते योग्यच आहे. पण शनिवारच्या त्या दुपारी ज्याचा प्रश्न होता, त्याला उत्तर मिळाले नाही. विषाचा शोध लागला सहा वर्षांनी; त्याचे कार्य कळले एकेचाळीस वर्षांनी. कार्लसन बंद कार्यालयावरून पुढे येऊन उघड्या दारात शिरला, रक्ताचे कॅन तेथे ठेवले आणि हिमवादळातून पुन्हा १९० मैल घरी गेला. तेथे त्याची उरलेली गुरे होती आणि तोच चारा होता.

(थ्रेड समाप्त)